बाबांच्या स्लाइडमधली लाल भिंत

बाबा १९८४ साली सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या ॲल्बुकर्कला होते. त्यांच्या निधनानंतर कपाटात कोडॅक्रोम फिल्मच्या स्लाइडचा डबा सापडला. सात स्लाइड पडक्या, लालसर भिंतींच्या. डब्यावर बाबांच्या अक्षरात एकच शब्द: ‘मिशन’. त्या भिंतीचं नाव शोधायचंच, असं मी ठरवलं.

आधी मला टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओची मिशन्स, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांची धर्मप्रसाराची जुनी ठाणी, वाटली. पण तिथल्या दगडी चर्चना कमानी आणि घुमट आहेत. वसईच्या किल्ल्यातली चर्च पाहिलेली असल्यामुळे मीही कमानच शोधत होतो. या फोटोंत एकही कमान नव्हती. दारावर आडवं लाकूड आणि वर मोकळं आभाळ. सतराव्या शतकात न्यू मेक्सिकोत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधून घेतलेल्या चर्चचं छप्पर लाकडी तुळयांवरचं, सपाट असायचं. तुळया गेल्या की उरतात नुसत्या उंच भिंती.

न्यू मेक्सिको म्हटल्यावर मी तिथल्या पेकोस या पडक्या मिशनवर आलो, रंग जुळला म्हणून. चार दिवस त्याच समजुतीत होतो. मग स्लाइड जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन केली आणि भिंतीचा एक कोपरा मोठा करून पाहिला. पापडासारखे चपटे दगड एकावर एक रचलेले, मध्ये मातीचा थर. पेकोसच्या भिंती कच्च्या विटांच्या आहेत. इथे तर लाल वालुकाश्म होता.

आईला सहज विचारलं. ती म्हणाली, “तिथले लोक पूर्वी मिठाचा व्यापार करायचे, असं हे सांगायचे.” स्पॅनिशमध्ये ‘सालिनास’ म्हणजे मिठागरं. माउंटनेअर गावाच्या आसपास आबो, क्वाराई आणि ग्रान किविरा अशी तीन ठिकाणं मिळून सालिनास प्युब्लो मिशन्सचं राष्ट्रीय स्मारक आहे. ग्रान किविराचा दगड राखाडी चुनखडीचा. राहिले आबो आणि क्वाराई, दोन्ही लाल.

इथे उपयोगी पडला किवा. किवा म्हणजे प्युब्लो लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, धार्मिक विधींची, जमिनीत खोदलेली खोली. या दोन्ही मिशनमध्ये तो थेट पाद्र्यांच्या निवासाच्या चौकात आहे. आबोचा गोल, क्वाराईचा चौकोनी. ज्यांचा धर्म बदलायला पाद्री आले होते, त्यांचा किवा पाद्र्यांच्याच अंगणात कसा, याचं उत्तर अभ्यासकही वेगवेगळं देतात. मी मात्र त्या प्रश्नापाशी बराच वेळ थांबलो. बाबांच्या पाचव्या स्लाइडमध्ये खड्डा आहे आणि त्याचे कोपरे काटकोनात आहेत.

तरीही आराखडा जुळेना. क्वाराईचं चर्च दक्षिणाभिमुख आहे आणि पाद्र्यांच्या खोल्या पूर्वेला, म्हणजे समोरून पाहिलं तर उजव्या हाताला. माझ्या फोटोत त्या डावीकडे होत्या. दोन रात्री गेल्यावर लक्षात आलं की स्लाइड उलट्या स्कॅन झाल्या होत्या. पुठ्ठ्याच्या चौकटीवर ‘ही बाजू पडद्याकडे’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते मी वाचलंच नव्हतं. फोटो आडवा पलटला आणि सगळं जागेवर बसलं: दार, सुमारे ४० फुटांच्या भिंती, मागची कॉटनवुडची झाडं.

दुष्काळ, उपासमार आणि अपाची टोळ्यांचे हल्ले यांमुळे १६७० च्या दशकात क्वाराई ओस पडलं. बाबा तिथे उभे राहिले ते तीनशे वर्षांनी.

सहा चौकटींवर मी पेन्सिलीने ‘क्वाराई’ लिहिलं. आईने ते दोनदा मोठ्याने वाचलं. सातव्या स्लाइडमधली भिंत, उजेडात नीट धरून पाहिली तर, लाल नाहीच, राखाडी आहे. आता ग्रान किविराचे फोटो काढून बसलोय.