कोटणिसांची देशभक्ती आणि आपला राष्ट्रवाद

जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात आपले 20 जवान धारातीर्थी पडले. त्या दिवसांत एका सुशिक्षित परिचिताने मला अगदी गंभीरपणे विचारले होते की, चिनी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टरचे स्मारक सोलापूरने आता कशासाठी जपायचे? भैया चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर, हे ते स्मारक. विचारणाऱ्याचे दुःख खरे होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही देशभक्ती आणि राष्ट्रवाद यांच्या वाटा नेमक्या कुठे वेगळ्या होतात, हे मला त्या प्रश्नातच दिसले.

कोटणिसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. जपानने 1937 मध्ये चीनवर आक्रमण केल्यावर तिकडून मदतीची हाक आली आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, 1938 मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना केले. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांत, औषधांची सदैव टंचाई असताना, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकून त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवले, तिथल्याच एका परिचारिकेशी संसार थाटला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, अपस्माराने त्यांचे तिथेच निधन झाले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना ते भारताच्या वतीने गेले होते, आणि आजही चीनमध्ये त्यांचे नाव निघते ते भारतीय डॉक्टर म्हणूनच. याला देशभक्ती म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

ज्या जपानच्या तोफांनी ती माणसे जखमी होत होती, त्या जपानचाही विचार केला पाहिजे. 1905 मध्ये त्याने रशियाला हरवले, तेव्हा आशियातल्या पारतंत्र्यातील लोकांना, आपल्यालाही, केवढा धीर आला होता! परंतु त्याच जपानने 1910 मध्ये कोरिया घशात घातला, 1931 मध्ये मांचुरियात सैन्य घुसवले आणि 1937 च्या अखेरीस नानकिंगमध्ये भीषण कत्तल केली. रवींद्रनाथ टागोरांनी 1916 मध्ये जपानमध्येच व्याख्याने देऊन यजमानांना या राष्ट्रवादाविषयी सावध केले होते, पण ते बोल तिथे फारसे कोणाला रुचले नाहीत. सामान्य जपानी माणसाचे आपल्या गावावर, आपल्या मातीवर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. त्या प्रेमाला आपल्या राष्ट्राच्या श्रेष्ठत्वाच्या दाव्याला जुंपण्यात आले आणि मग त्या दाव्यापुढे शेजाऱ्याचा जीव कवडीमोल ठरला.

म्हणून राष्ट्रवाद सरसकट त्याज्य आहे, असे सोलापूरच्या माणसाला म्हणता येणार नाही. आमचे लोक आमच्यावर राज्य करतील, ही मागणी म्हणजे राष्ट्रवादच, आणि तिच्यासाठी या शहराने जबर किंमत मोजली आहे. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठले, इंग्रजांचा अंमल काही दिवस नावापुरताही उरला नाही, आणि मग मार्शल लॉ आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार हुतात्मा चौकातील पुतळ्यांसमोर उभे राहून ही चार नावे सलग वाचावीत. त्या चळवळीने कोणाची भाषा, कोणाचा धर्म विचारून मग त्याला आपला मानले नव्हते.

स्वराज्य मागणारा हा राष्ट्रवाद आणि स्वराज्य मिळाल्यावर आपल्याच माणसांकडे निष्ठेचे पुरावे मागत फिरणारा राष्ट्रवाद यांत मला मूलभूत अंतर दिसते. पहिल्याचा रोख सत्तेकडे होता. दुसऱ्याचा रोख शेजारच्या घराकडे असतो. देशभक्त माणूस स्वतःकडून काही मागतो. तो कर भरतो, रक्त देतो, आणि आपल्या देशाचे चुकले तर ते बोलून दाखवतो, कारण ती चूक त्याला स्वतःच्या घरातली वाटते. आक्रमक राष्ट्रवादाला मात्र ती चूक उच्चारणारा माणूसच शत्रू वाटतो. सीमेवर सैन्य हवेच, चीनच्या आजच्या राज्यकर्त्यांशी कठोर बोलणेही हवे. पण त्यासाठी कोटणिसांवर रुसण्याचे कारण काय?

आमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, शहरात कानडी आणि उर्दू घरोघर बोलली जाते, आणि महापालिकेच्या शाळाही या भाषांतून चालत आल्या आहेत. या सगळ्या शाळांतील मुलांना एकाच दिवशी आधी चार हुतात्मा चौकात आणि मग भैया चौकातल्या त्या घरात न्यावे, असे मी शिक्षक मित्रांना वारंवार सांगतो. कोटणिसांच्या जयंतीचा दिवस त्यासाठी उत्तम आहे, आणि यंदा निदान दोन-तीन शाळांनी तरी ते मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.