कांदळ आणि मुशी: तक्ता कुठवर आला

मंडळी, माझ्या शास्त्रीय चित्रांच्या तक्त्याचं पेन्सिलचं काम संपलं, निम्म्या तक्त्यावर शाईचे ठिपकेही चढले. डावीकडे कांदळ, म्हणजे ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा. उजवीकडे मुशी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. एक फुलणारं झाड, एक शार्क. दोघंही कोकण किनाऱ्याचे, आणि दोघंही पिल्लं स्वतःच्या अंगावर वाढवणारे. जोडी जमवली ती त्यामुळेच.

मुशी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणली. ‘कापू नका मावशी, अख्खीच द्या’ म्हटल्यावर ‘मग कालवण कसलं करणार?’ हे ऐकावं लागलंच. कांदळाचं रोप, ज्याला सगळे शेंग म्हणतात, रत्नागिरीकडच्या मित्राने भरतीच्या रेषेवरून उचलून दिलं.

खरी मजा मापांत आहे. मुशी साधारण 35 सेंमीची झाली की वयात येते, तिचं पिल्लू जन्मतं 12 ते 15 सेंमीचं. म्युक्रोनाटाचं रोप मात्र झाडाला लटकत असतानाच अर्ध्या मीटरच्याही पुढे जाऊ शकतं. झाडाचं बाळ शार्कच्या आईपेक्षा लांब! मूळ मापात काढायचं तर 42 सेंमी लांबीचा ए-थ्री कागद पुरेना. अप्पा बळवंत चौकातून ए-टू आणला.

आता पोषणाचा भाग. मुशीचं अंडं जेमतेम 1 मिमीचं, त्यात बलक जवळपास नाहीच. त्यामुळे गर्भ लवकरच गर्भाशयाला जोडला जातो आणि पाच-सहा महिने नाळेवर वाढतो. या नाळेला केसांसारखे तंतू असतात. ते काढताना मान मोडून आली. कांदळाचं बी फळात असतानाच रुजतं आणि हिरवा दांडा फळ फोडून खाली वाढतो. पण झाडाच्या आणि रोपाच्या नलिका एकमेकींना जोडलेल्या नसतात, अन्नपाणी पेशींमधून झिरपत जातं. म्हणून, ‘देठालाही नाळेसारखा लाल रंग द्या’ ही तुमच्यातून आलेली सूचना मी मानली नाही. शिवाय रोप हिरवं, थोडंफार अन्न स्वतःच तयार करतं. मुशीच्या पिल्लाला ती सोय नाही.

उरलंय ते पृष्ठभागाचं काम. रोपावरची वल्करंध्रं (सालीवरची हवेची छिद्रं) फोडांसारखी ठळक, ती ठिपक्यांत छान उतरली. मुशीची कातडी अडली आहे. तिच्यावर दातांच्या घडणीचे बारीक खवले असतात; डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. ही दिशा नुसत्या ठिपक्यांत कुणी दाखवली असेल तर पद्धत सांगा. पेन 0.1 टोकाचं वापरतोय, 0.05 चं टोक या कागदावर टिकत नाही.