लसीकरण १३८ टक्के!

शहरातल्या बालकांच्या पूर्ण लसीकरणाचा प्रभागवार नकाशा आम्ही केला, तेव्हा एका प्रभागात १३८ टक्के आले. सूत्र दोनदा तपासलं, बरोबर होतं. त्याला लागूनच दाट वस्तीचा प्रभाग आहे, तिथे एकही लसीकरण केंद्र नाही. तिथला आकडा होता १९.

कारण शोधायला दोन दिवस लागले. नीट आकडे हातात यायला मात्र अकरा आठवडे गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

झालं असं होतं, की कार्यालयाने दिलेली मोजणी लस कुठे टोचली यावरून केलेली होती, मूल कुठे राहतं यावरून नाही. भागायला घेतलेली लोकसंख्या मात्र त्या प्रभागात राहणाऱ्या मुलांची. वस्तीतल्या आया मुलांना कडेवर घेऊन शेजारच्या मोठ्या केंद्रावर जात होत्या आणि नोंद केंद्राच्या प्रभागात पडत होती. तो नकाशा तसाच लोकांसमोर गेला असता, तर याच आयांवर निष्काळजीपणाचा शिक्का बसला असता.

मी राहत्या पत्त्यांसह नोंदी मागितल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: वैयक्तिक माहिती, देता येत नाही. ते योग्यच होतं. पण मग काय देता येईल, हे कोणीही सांगेना. संगणक विभाग म्हणे आरोग्य विभागाची मंजुरी आणा, आरोग्य विभाग म्हणे नोंदी संगणक विभागाकडे आहेत. साहेब बैठकीत, साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला मी रिकामा तक्ता छापून नेला. आडव्या ओळींत प्रभागांची नावं, उभ्या रकान्यांत जन्मवर्ष, आणि खाली एक ओळ: ‘राहत्या प्रभागानुसार फक्त संख्या द्यावी, ५ पेक्षा कमी असेल तिथे आकडा देऊ नये.’ खिडकीवरच्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “एवढंच हवंय होय? हे मिळेल.” तरीही पुढे चार आठवडे गेले, आणि आलं ते कागदाचं स्कॅन. सगळे आकडे हाताने भरले. म्हणून सांगते, पहिल्याच अर्जाला रिकामा तक्ता जोडा आणि फाइल स्प्रेडशीटमध्येच हवी असं लिहा.

नंतरचं काम अर्ध्या दिवसात झालं. आरोग्यातली विषमता मोजायचं जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हीट प्लस’ हे साधन मोफत आहे, त्यात आपली स्वतःची माहिती चढवता येते. घरात नळाचं पाणी नसलेल्या कुटुंबांच्या प्रमाणावरून आम्ही प्रभागांचे पाच गट केले. गटांना क्रमांक देताना सर्वांत वंचित गटाला १ द्यायचा. निर्देशक वाढलेला चांगला की वाईट, हेही सांगावं लागतं: लसीकरणाला १, बालमृत्यूला ०. गटागटांमधला फरक आणि गुणोत्तर दोन्ही पाहा. ९० आणि ६० मध्ये फरक ३०, गुणोत्तर दीड; ३० आणि २० मध्येही गुणोत्तर दीडच, पण फरक फक्त १०. एकच आकडा दाखवला तर अर्धीच गोष्ट कळते.

हे आधी सांगायला हवं होतं: प्रभागांच्या हद्दी कोणत्या वर्षीच्या आहेत ते सगळ्यात पहिल्यांदा विचारा. नाव तेच राहतं, हद्द बदलते. आणि लहान प्रभागात एका वर्षात मोजकीच मुलं असतात, दोन-चार मुलांनी टक्केवारी उड्या मारते. आम्ही तीन वर्षं एकत्र केली.

दुरुस्त नकाशात ती वस्ती तळातून वर आली. तळाला गेला तो शहराच्या कडेचा एक प्रभाग, जो पहिल्या नकाशात ठीकठाक दिसत होता, कारण त्याच्या केंद्रावर बाहेरची मुलंही येतात. तिथे घरोघर जाऊन विचारायला आम्ही या महिन्यात सुरुवात केली आहे.