पाऊण तासाची वाट

दादरला राहणारी माझी आत्या फोनवर दर वेळी एकच प्रश्न विचारते, "विमानाने पाऊण तासाची वाट, मग तुझा अख्खा दिवस जातो कुठे?" पाऊण तास खोटा नाही. गोव्यातला दाबोळी विमानतळ ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर आहे आणि विमानाला ते कापायला, चढणे-उतरणे धरून, साधारण तेवढाच वेळ पुरतो. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ छापलेली असते, कारण कंपनीचे घड्याळ विमान जागचे हलल्यापासून ते मुंबईत पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत चालते. धावपट्टीकडे जाणाऱ्या रांगेतले थांबणे आणि मुंबईवरच्या घिरट्या त्यातच धरलेल्या असतात. माझे घड्याळ त्याच्या बरेच आधी, मडगावच्या घराला कुलूप लावताना सुरू होते, एवढाच काय तो फरक.

जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमाने उडू लागली आणि हा हिशेब आणखी गमतीचा झाला. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला असल्याने तिथून मुंबई दाबोळीपेक्षा जवळजवळ ४० किलोमीटरांनी जवळ पडते. विमानाला हे ४० किलोमीटर म्हणजे तीन-चार मिनिटे. पण तेवढी मिनिटे वाचवण्यासाठी मी जुवारी, मांडवी आणि कोलवाळची शापोरा अशा तीन नद्या ओलांडून ६५ किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवतो, जेव्हा दाबोळी घरापासून जेमतेम २५ किलोमीटरांवर आहे. पेडण्याचा माणूस अर्थातच हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगेल आणि त्याचेही बरोबरच असेल.

गेल्या खेपेला तिकीट स्वस्त मिळाले म्हणून मोपाहून निघालो आणि सगळ्या वेळा टिपून ठेवल्या. घर सोडले दोन वाजता. आईने आत्यासाठी दिलेली मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बाटली मी विसराळूपणे हातातल्या पिशवीत ठेवली होती; तपासणीच्या जवानाने ती उजेडात धरून फिरवली, तेलाने पारदर्शक झालेल्या वर्तमानपत्राकडे पाहिले आणि काही न बोलता मान हलवली. परत जाऊन ती बाटली मोठ्या बॅगेत घालून पाठवण्यात वीस मिनिटे गेली. विमानाची चाके जमिनीवरून सुटली तेव्हा पावणेसहा वाजत आले होते, ती मुंबईच्या जमिनीला टेकली अठ्ठेचाळीस मिनिटांनी, आणि सामानाच्या पट्ट्यासमोरची वाट व नंतरची टॅक्सी आटोपून मी आत्याची घंटा वाजवली ती आठ वाजून दहा मिनिटांनी.

सहा तास दहा मिनिटे. कोकणकन्येला याच्या दुपटीहून थोडा कमीच वेळ लागतो, त्यातला बराचसा झोपेत जातो, आणि मिस्कुटाची बाटली बर्थखाली ठेवली तर तिला कोणी उजेडात धरून पाहत नाही. आत्याने बाटलीभोवतीचा कागद सोडवता सोडवता घड्याळाकडे पाहिले. मी परतीचे तिकीट रेल्वेचे काढले.