लेकाची टाच आणि माझी घाई

लेक ११ वर्षांचा. सकाळी उठला की टाचा न टेकवता चवड्यांवर चालायचा. मला वाटलं, शाळा बुडवायची नवी तऱ्हा! कारण संध्याकाळी फुटबॉलला हाच पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी हजर. दोन-तीन आठवडे मी कानाडोळा केला. मग एका मॅचनंतर बूट काढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय पाहिला तर ना सूज, ना लाली.

डॉक्टरांनी टाच तळव्याकडून दाबलीच नाही. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली आणि पोरगं टेबलावरून उडालंच. "सिव्हर्स," ते म्हणाले. नाव भारी, पण भानगड वाढीची. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला कूर्चेची, म्हणजे अजून पक्कं हाड न झालेल्या मऊ भागाची, वाढपट्टी असते. हाड भराभर वाढतं, पोटरी तेवढी लांबत नाही, आणि तिला टाचेशी जोडणारी दोरीसारखी कंडरा नेमकी तिथेच ओढ देते. त्यात रोजचं धावणं, उड्या. साधारण ८ ते १४ वयाच्या खेळकर मुलांमध्ये हे होतं. मी एक्स-रेचा हट्ट धरला, तर म्हणाले, यात बहुतेकदा वेगळं काही दिसत नाही. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप किंवा सूज असती तर काढला असता.

मग धावणं बंद. खेळून आल्यावर लावायचा बर्फ आता न खेळताच, फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं. दुखत होती एकच टाच, पण चाल तिरकी होऊ नये म्हणून टाचेखाली पॅड दोन्ही बुटांत. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, तीही कळ येणार नाही इतपतच. आणि सपाट, पातळ तळव्याचे फुटबॉलचे बूट कपाटात.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं, आणि घाण केली ती मीच. स्पर्धा होती, पूर्ण मॅच खेळू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चवडे! पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला आधी पोहणं, सायकल, मग अर्धाच सराव; सकाळी टाच बोलली की दोन दिवस सुट्टी. अडीच महिने गेले. त्यातले निम्मे माझ्या खात्यावर.

वाढपट्टी हाडात मिसळेपर्यंत, म्हणजे १५च्या आसपास, हे अधूनमधून डोकं वर काढू शकतं. परवा त्याची पँट आखूड झालेली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. तो शांतपणे पलंगावर बसला, स्वतःच टाच चिमटीत धरून दाबली आणि म्हणाला, "आज नाही."