तुम्ही विचारलंत म्हणून: विमान उतरवताना मी गप्प का होतो?

कोल्हापूरजवळच्या केर्लीच्या पुढं, जोतिबाच्या वाटेला, आमचा एक माळ आहे. आमचा म्हणजे मालकाला विचारून वापरलेला. उन्हाळ्यात दुपार कलली की तिथं फोमचे रेडिओ ग्लायडर, म्हणजे हातातल्या रेडिओवरून चालवायची, मोटार बंद असली तरी तरंगणारी छोटी विमानं, उडवतो आणि रस्त्यानं जाणारी माणसं गाडी लावून बघायला येतात. बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडलं? रेडिओसकट मधल्या किमतीच्या मोबाइलएवढं. कॅमेरा आहे का? नाही. किती लांब जातं? ते नाक करून येतंय की शेपूट करून चाललंय, हे डोळ्याला कळतं तिथपर्यंत. रेडिओची रेंज त्याहून बरीच जास्त असते, पण डोळ्याची रेंज आधी संपते.

एक प्रश्न मात्र नेहमी येतो आणि त्याचं उत्तर जागेवर देता येत नाही. शेजारच्या रानातल्या एका काकांनी तो सगळ्यात नेमका विचारला होता: "वर हाय तवर एवढ्या गप्पा मारतासा, आन् खाली घ्यायची येळ झाली की तोंडाला कुलूप. त्ये का ओ?"

तर काका, वर असतं तेव्हा त्याला माझी फारशी गरजच नसते, म्हणून.

आमचं विमान दोन मीटर पंखांचं, किलोच्या आतबाहेर वजनाचं. अंग ईपीओ फोमचं. दिसायला थर्माकोलसारखं, पण दाणा बारीक आणि चिवट. नाकात छोटी मोटार, तीन सेलची 11.1 व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि मिटणारा पंखा. हातानं फेकायचं, मोटार लावून शंभरएक मीटर वर न्यायचं आणि मोटार बंद करायची. मोटारीच्या कंट्रोलरमध्ये 'ब्रेक' लावलेला असेल तर पंखा थांबतो आणि वाऱ्यानं मिटून नाकाला चिकटतो. ब्रेक लावायचा राहिला तर पंखा नुसताच फिरत राहतो आणि विमानाला मागं ओढतो. पुढचं सगळं फुकटात. स्थिर हवेत असलं विमान सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास खाली येतं, म्हणजे शंभर मीटरचे तीनेक मिनिटं तरी होतात. आणि मे महिन्यात आमच्याकडची हवा स्थिर कधीच नसते.

हिरवा, पाणी पाजलेला ऊस थंड असतो. त्याच्या शेजारचं नांगरून टाकलेलं काळं रान तव्यासारखं तापतं. त्या रानावरची हवा गरम होऊन सुटते आणि वर चढते, हाच थर्मल. वीटभट्ट्यांवर तो मिळतो, मोठ्या डांबरी चौकावर मिळतो, आणि हंगामात कुणी पाचट पेटवलं असेल तर धुरासकट मिळतो. घारींना हे आपल्याआधी कळतं. पंख न हलवता दोन-तीन घारी एकाच जागी गोल फिरत वर चाललेल्या दिसल्या की विमान तिकडं न्यायचं. घारी नसतील तर विमानच सांगतं: सरळ जाता जाता एक पंख आपोआप उचलला गेला, तर गरम हवा त्या बाजूला आहे. विमान तिकडून दुसरीकडे ढकललं जातं, आपण मात्र उचललेल्या पंखाच्या बाजूलाच वळायचं. हे जमलं की मोटार न लावता अर्धा तास गप्पा मारता येतात. त्या गप्पाच तुम्ही ऐकलेल्या असतात.

आता उतरायचं. लोकांना वाटतं, इंजिन बंद आहे म्हणजे पडायची भीती. अडचण नेमकी उलटी आहे, ग्लायडर पडायला तयारच नसतो. दहा मीटर उंचीवर असेल तर सरळ पुढं शंभर मीटर सहज जातो, चांगला असेल तर त्याहून जास्त. त्यातून जमिनीच्या जवळ, साधारण पंखांच्या लांबीएवढ्या उंचीवर आला, की पंखांच्या टोकांशी हवेचे जे भोवरे होतात त्यांना जमीन आडवी येते, हवेचा विरोध कमी होतो आणि तो आणखी लांबतो. गवताच्या वर हातभर उंचीवरून तो निवांत तरंगत पुढं जात असतो, आणि आपण मनातल्या मनात म्हणत असतो, टेक बाबा आता.

आमचा माळ पूर्व-पश्चिम लांब आहे. उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेचा, त्यामुळं विमान पूर्वेकडून आणून वाऱ्याला तोंड करून उतरवायचं. पूर्वेच्या टोकाला दहा-दहा फुटांचा उभा ऊस. पश्चिमेच्या टोकाला विजेच्या तारा. उत्तरेला तुटलेल्या उसाचं रान, त्यातल्या खोडक्या फोमचं पोट सुरीसारखं फाडतात. दक्षिणेला मी, गाड्या आणि बघे. मी मुद्दामच दक्षिणेला उभा राहतो आणि विमान उत्तरेकडून फिरवतो, कारण माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही हा एकच नियम असा आहे की ज्यावर आमच्यात वाद होत नाही. बाकी प्रत्येक गोष्टीवर होतो.

वाऱ्याला तोंड का, तेही सांगतो. विमानाला उडायला हवेतला वेग लागतो, जमिनीवरचा नाही. समजा ते ताशी 30 किलोमीटरनं येतंय आणि समोरून 10 चा वारा आहे. जमिनीवरून बघितलं तर ते 20 नं येतंय. तेच वाऱ्याबरोबर उतरवलं तर 40. वेग दुप्पट झाला की आपटण्याचा जोर चौपट होतो. नाइलाजानं सऱ्या पाडलेल्या रानात उतरायची वेळ आलीच, तर मात्र मी वारा थोडा बाजूनं घेतो पण सरीला सरळ उतरतो. आडवं गेलं की वरंब्यावर नाक रुततं आणि पंखांची बैठक उखडते.

उतरायचं काम जमिनीजवळ सुरू होत नाही. ते सुरू होतं तीस-चाळीस मीटरवर, विमान माझ्या समोर माळाच्या पलीकडच्या अंगाला, वाऱ्याबरोबर पूर्वेकडे चाललेलं असताना. इथूनच मी गप्प होतो. वाऱ्याबरोबर जाताना विमान पळतंय असं वाटतं. नवखा माणूस घाबरून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढतो, वेग कमी करायला बघतो. प्रत्यक्षात हवेतला वेग आहे तेवढाच असतो; ओढला की तो खरोखर कमी होतो, आणि पुढच्या वळणावर आतला पंख हवा सोडतो. याला स्टॉल म्हणतात. उंचावर स्टॉल झाला तर नाक खाली पडतं, वेग येतो, विमान सावरतं. पाच मीटरवर झाला तर सावरायला जागाच नसते. ओटो लिलिएन्थाल या जर्मन माणसानं स्वतः बनवलेल्या ग्लायडरना लटकून हजारो उड्डाणं केली आणि 1896 साली अशाच एका स्टॉलमध्ये तो खाली आला आणि गेला. आपलं नुसतं फोम फाटतं, पण हवेचा नियम तोच.

मग पूर्वेच्या टोकाला दक्षिणेकडे वळायचं आणि पुन्हा पश्चिमेला वळून माळाच्या रेषेत यायचं. या दुसऱ्या वळणाची जागाच सगळं ठरवते. लवकर वळलो तर उंची जास्त, विमान तारांकडे. उशिरा वळलो तर उंची कमी, विमान उसात. गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची हे गुळव्या रसाच्या बुडबुड्यांवरून ओळखतो. थोडी आधी उतरवली तर गूळ पातळ, थोडी उशिरा तर करपट. त्या वेळी त्याला कुणी गावच्या बातम्या विचारत नाही. माझंही तेवढंच म्हणणं आहे.

शेवटच्या टप्प्यात दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून येतं आणि डावं-उजवं उलटं होतं. त्यावर जुनी युक्ती आहे: जो पंख खाली गेलेला दिसतो, रेडिओची स्टिक त्याच बाजूला ढकलायची, जणू खाली टेकू दिला. विचार करत बसलात तर गेलं. दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीजवळ वारा मंद होतो. झाडं, ऊस, बांध त्याला अडवतात. वर 10 किलोमीटरचा समोरचा वारा होता आणि खाली 4 चाच उरला, तर विमानाच्या पंखांवरून जाणारी हवा अचानक तेवढी कमी होते आणि ते बसकण मारतं. म्हणून शेवटी थोडा जास्त वेग हातात ठेवून, नाक जरा खाली ठेवूनच यायचं. नेमका इथंच हात एलेव्हेटर ओढायला शिवशिवतो.

उंची जास्त झाली तर ती घालवायची कशी? ज्यांच्या विमानाला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, अंगाजवळच्या पट्ट्या) आहेत ते फ्लॅप खाली आणि एलेरॉन (त्याच कडेच्या, टोकांजवळच्या पट्ट्या) वर करतात. विमान ब्रेक लावल्यासारखं उतरतं. फक्त फ्लॅप उघडले की नाक वर उसळतं, त्यासाठी फ्लॅपबरोबर एलेव्हेटर आपोआप थोडा खाली जाईल असं मिसळून ठेवावं लागतं. हे मिश्रण रेडिओत आधी, उंचावर तपासून ठेवायचं असतं. फ्लॅप नसतील तर दोन्ही एलेरॉन थोडे वर उचलले तरी काम भागतं. तेही नसेल तर वाटेतच एस आकाराची वळणं घ्यायची. नाक खाली दाबून उंची घालवता येते असं वाटतं, पण त्यानं वेग वाढतो आणि तो वेग माळाच्या पार टोकापर्यंत पुरतो. आमच्यातला एक गट म्हणतो, ग्लायडर उतरवताना मोटारीला हात लावणं म्हणजे अपमान. मला हे पटत नाही. उंची कमी पडत असेल तर दोन सेकंद मोटार लावा, ऊस ओलांडा, नाहीतर सरळ वर नेऊन पुन्हा या. मानाचं काय ते चहाला बसल्यावर बघता येईल. हातानं झेलायचा हट्ट मात्र करू नका, विशेषतः मोटार असलेल्या विमानाला. पंखा मिटलेला दिसतो, पण अंगठा चुकून थ्रॉटलवर, म्हणजे मोटारीच्या दांडीवर, गेला की तो मिटलेला राहत नाही.

उसात गेलंच तर धावत सुटायचं नाही. उभं राहिलात तिथूनच ज्या रेषेत विमान दिसेनासं झालं ती रेषा पकडायची. पलीकडचं एखादं झाड, टाकी, खांब मनात धरायचा आणि एकानं तिथंच उभं राहून दुसऱ्याला हात करून सांगायचं. दहा फुटी उसात शिरल्यावर चार पावलांत दिशा हरवते. विमानातल्या रिसीव्हरला छोटा बझर लावून ठेवला असेल तर तो ओरडतो आणि निम्मं काम होतं. पात्यांनी हात कापतात, म्हणून लांब बाह्यांचा शर्ट गाडीत असावा. आणि आधी मालकाला सांगावं. आपलं विमान हलकं असलं तरी आपण हलके नसतो. मोडतो तो त्यांचा ऊस.

काही जण परवानगीचंही विचारतात. 2021 च्या ड्रोन नियमांत आकाशाचे लाल, पिवळा आणि हिरवा (वेगळी परवानगी न लागणारा) असे भाग केलेत आणि त्यांचा सरकारी नकाशा बघायला मिळतो. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत. आपला विमानतळ उजळाईवाडीला असल्यामुळं शहराच्या त्या बाजूला जायचा विषयच नको. आम्ही एवढं लांब केर्लीकडे जातो ते काही हौसेनं नाही. नकाशा बदलतो, म्हणून जाण्याआधी बघावा.

आपटलं तर फार मनाला लावून घेऊ नये. ईपीओला पडलेला पोचा उकळत्या पाण्याचं फडकं ठेवलं की बराचसा फुगून वर येतो. तुटलेला भाग फोमला चालणाऱ्या गोंदानं चिकटतो. साधा झटपट गोंद थर्माकोलवर मात्र कधी वापरू नका, तो थर्माकोलच खातो.

आणि पोराला हे शिकवायचंय, काय घेऊ, असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. रेडिओ आत्ताच नको. खेळण्यांच्या दुकानात हातानं फेकायचं फोमचं ग्लायडर मिळतं, ते घ्या. फेकल्यावर ते लाटा घेत, वर जाऊन थांबत, पुन्हा खाली पडत गेलं, तर शेपूट जड आहे; नाकाला एक छोटं नाणं चिकटपट्टीनं लावा. सरळ नाक खुपसत असेल तर नाणं मागं सरकवा किंवा काढा. पोरगं स्वतः नाणं सरकवून ते सपाट, लांब, सावकाश उतरवायला लागलं, की मग रविवारी दुपारी चारनंतर माळावर घेऊन या. येताना त्याची टोपी आणि पाण्याची बाटली तेवढी आणा, तिथं सावली नाही.