शेअर्ड फोल्डर उघडतो, पण यादीत दिसत नाही: जळगाव सेटअप, भाग ५

मागच्या भागात अडलेली गाठ, म्हणजे शेअर केलेला फोल्डर यादीत न दिसणं, आता सुटली. जळगावच्या खात्यातला ‘केळी भाव’ हा फोल्डर आता रावेर, भुसावळ आणि धुळे या तिन्ही खात्यांच्या थंडरबर्ड या मेल ॲपमध्ये दिसतो आणि उघडतोही. सर्व्हर तोच आहे: डेबियन १२ (लिनक्स), डव्हकॉट २.३ (मेल साठवून ॲपना देणारा सर्व्हर प्रोग्राम), सगळी खाती व्ही-मेल या एकाच सिस्टीम युजरखाली. ही शेवटची अट विसरू नका. प्रत्येक खात्याला वेगळा सिस्टीम युजर असेल तर एकाची प्रोसेस दुसऱ्याच्या मेलडिरला (मेलच्या डिरेक्टरीला) हात लावू शकत नाही. मग हक्क कितीही द्या, लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतच राहतं.

लक्षण असं होतं. रावेरच्या खात्यावर थंडरबर्डमध्ये सबस्क्राइबची खिडकी उघडली, रिफ्रेश मारलं, तरी ‘शेअर्ड’ ही फांदीच येत नव्हती. संशय साहजिकच क्लायंटवर, म्हणजे थंडरबर्डवर गेला. सर्व्हर सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये ‘अदर यूजर्स’चा रकाना हाताने भरून झाला, ‘फक्त सबस्क्राइब केलेले फोल्डर दाखवा’ ही खूण काढून झाली, खातं नव्याने जोडून झालं. काही फरक नाही. असं झालं की क्लायंट बाजूला ठेवावा आणि टर्मिनलमधून ओपन-एसएसएलने ९९३ या आयमॅपच्या पोर्टवर थेट बसून सर्व्हरलाच विचारावं. नेमस्पेस (फोल्डरांचे मोठे गट) विचारलं तर ‘शेअर्ड’ हजर. पूर्ण नाव देऊन सिलेक्ट केलं तर फोल्डर उघडला. मायराइट्स विचारलं तर एल, आर, एस ही तिन्ही अक्षरं परत आली, म्हणजे यादीत दिसणं, वाचणं आणि वाचल्याची खूण करणं, सगळे हक्क जागेवर. फक्त लिस्टचं, म्हणजे फोल्डरांची यादी मागितल्याचं, उत्तर रिकामं. म्हणजे थंडरबर्ड निर्दोष होतं, सर्व्हरच नाव सांगत नव्हता.

कारण डव्हकॉटच्या कामाच्या पद्धतीत आहे. कोणी कोणाला काय शेअर केलंय हे शोधायला तो लिस्टच्या वेळी सगळ्यांची घरं धुंडाळत नाही. त्यासाठी एक वेगळी डिक्शनरी असते, एसीएल शेअर्ड डिक्ट (एसीएल म्हणजे हक्कांची यादी). लिस्टचं उत्तर तिथून येतं, सिलेक्ट मात्र थेट फोल्डरमधली हक्कांची फाइल वाचतं. आपल्याकडे ती फाइल नॅनो एडिटरमध्ये हाताने लिहून फोल्डरमध्ये ठेवली होती. डिक्शनरीला त्याचा पत्ताच नव्हता.

हक्क नेहमी डव्हॲडम या डव्हकॉटच्या कमांडच्या एसीएल सेटने किंवा क्लायंटमधून सेट-एसीएलने द्यायचे, म्हणजे दोन्हीकडे नोंद होते. हाताने लिहून झालंच असेल तर ज्याचा फोल्डर आहे त्या खात्यासाठी डव्हॲडम एसीएल रीकॅल्क चालवा, म्हणजे डिक्शनरी नव्याने भरते. इथे पहिल्या वेळी रीकॅल्कही फसलं, कारण डिक्शनरीची फाइल थेट ‘व्हार लिब डव्हकॉट’मध्ये ठेवली होती आणि तिथे व्ही-मेलला लिहिता येत नाही. नुसती फाइल नाही, डिरेक्टरीच व्ही-मेलच्या मालकीची हवी, म्हणून आत वेगळी डिरेक्टरी केली. पुन्हा रीकॅल्क, पुन्हा लिस्ट, आणि नाव आलं! त्या एका ओळीसाठी सगळा खटाटोप होता.

हाताने फाइल ठेवण्यात आपल्या लोकांना आणखी एक धोका आहे. देवनागरी फोल्डरचं नाव डिस्कवर सुधारित यूटीएफ-७ मध्ये जातं: सुरुवातीला ‘&’, मग रोमन अक्षरांची रांग, शेवटी ‘-’. ‘केळी भाव’ आणि ‘केळी भाडे’ अशी दोन नावं शेजारी असली की फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडायला वेळ लागत नाही. डव्हॲडमला मात्र सरळ देवनागरी नाव चालतं.

सेपरेटरही (फोल्डर आणि उपफोल्डरच्या नावांमधलं चिन्ह) याच फेरीत ‘.’ वरून ‘/’ केला, सगळ्या नेमस्पेसना एकच. शेअर्डच्या प्रीफिक्समध्ये (नावाच्या सुरुवातीच्या भागात) पूर्ण ई-मेल पत्ता येतो आणि पत्त्यात टिंब असतंच, त्यामुळे टिंबाचा सेपरेटर ठेवला तर एका पत्त्याचे दोन-तीन फोल्डर होऊन बसतात. प्रीफिक्स आणि लोकेशनमध्ये (मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) फोल्डरमालकासाठी टक्क्याचं चिन्ह दुहेरी लागतं. एकेरी लिहिलं तर डव्हकॉट लॉगिन केलेल्याचंच घर उघडतो.

लोकेशनला इंडेक्स-पीव्हीटी (वाचल्याची खूण प्रत्येकासाठी वेगळी ठेवणारा पर्याय) जोडायलाच हवं. ते नसेल तर भुसावळने सकाळी भाव वाचले की धुळ्याला ती मेल वाचलेलीच दिसते. उपफोल्डरांचंही ध्यानात ठेवा: नवा उपफोल्डर तयार होताना वरच्याचे हक्क उचलतो, पण आधीपासून असलेल्यांना काही मिळत नाही. ते एकेक करून द्यावे लागतात.

थंडरबर्डमध्ये फोल्डर प्रॉपर्टीजच्या ‘शेअरिंग’मध्ये आपले हक्क फक्त दिसतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. या कामाला राउंडक्यूब या वेबमेलचं एसीएल प्लगइन सगळ्यात सोयीचं वाटतं, ज्यांना टर्मिनलची सवय नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. आणि डेबियन १३ वर घाईने उडी मारू नका. त्यात डव्हकॉट २.४ आहे, जुनी कॉन्फिग फाइल चालत नाही, टक्क्याची चिन्हं लिहायची रीतसुद्धा बदलली आहे.

पुढे ‘कापूस पावत्या’ हा फोल्डर धुळ्याच्या खात्यातून याच पद्धतीने वाटायचा बेत होता. पण हे लिहितानाच जाणवतंय की तो फोल्डर कोणा एकाचा नाहीच, चौघेही त्यात भर घालणार. मग मालक असलेला शेअर्ड कशाला, पब्लिक नेमस्पेसच करावा. त्याला डिक्शनरी लागत नाही, हक्कांची फाइल हाताने लिहिली तरी चालते, आणि धुळ्याचं खातं उद्या बंद केलं तरी पावत्या जागेवर राहतात. चौघांनाही लुकअप, रीड, राइट-सीन (वाचल्याची खूण) आणि इन्सर्ट (मेल टाकणं). एक्सपंज (कायमचं पुसणं) कोणालाच नाही. ‘केळी भाव’ सध्या आहे तसाच राहू दे.

फोनवर के-नाइन या मेल ॲपमध्ये शेअर्ड फांदी न दिसल्यास इनकमिंग सर्व्हरमध्ये प्रीफिक्स चुकून भरलाय का बघा. तो भरलेला असेल तर ॲप त्याच्या बाहेरचे फोल्डर मागतच नाही. शिवाय डव्हकॉट एका आयपी पत्त्यावरून एका खात्याला १० जोडण्या देतो आणि प्रत्येक थंडरबर्ड ५ पर्यंत धरून ठेवतं. घरात दोन संगणक आणि एक फोन एकाच राउटरवर, एकाच खात्यावर असले की तिसऱ्याला नकार मिळतो. थंडरबर्डमध्ये ५ चे ३ केले आणि तिन्ही नीट चालताहेत.